कृष्णातीरी एका पवित्रकाचा शोध

वाईस जाण्याचे प्रसंग आम्हांस आयुष्यात पुष्कळ आले. तेथेच आमचे बालपण गेले. तेथेच शास्त्रीबोवांपुढे मांडी घालून आम्ही रूपावली आणि समासचक्र पाठ केले. पुढे मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली व साताऱ्यास बिऱ्हाड केले, तरी वर्षाकाठी एक-दोन खेपा घडतच. परंतु २०२५ सालच्या चैत्रात जी खेप घडली तिचा हेतू देवदर्शन नव्हता, लग्नमुंज नव्हती, की जमिनीचा तंटाही नव्हता. पाण्याखाली पडलेले सोने हुडकणारे एक यंत्र बरोबर घेऊन आम्ही कृष्णेच्या पात्रात उतरण्यास निघालो होतो. साठी-सत्तरी उलटलेल्या दोघा भावांना हा उद्योग कोणी सांगितला, असे वाचक विचारतील. म्हणून मूळ हकीकत प्रथम सांगणे अवश्य आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांस त्याचे वर्णन नको. रेशनच्या दुकानी परदेशातून आलेला लाल मिलो मिळे, आणि त्याची भाकरी घशाखाली उतरविताना पाण्याचा घोट घ्यावा तर पाण्याचेही दुर्भिक्ष. आमच्या तीर्थरूपांची वृत्ती वैदिकाची. यजमानांच्याच घरी जेथे धान्याची वाण, तेथे भिक्षुकास दक्षिणा कोठून मिळावी? घरात सोने म्हणावे असे दोनच जिन्नस होते. एक मातोश्रींचे मंगळसूत्र, व दुसरे तीर्थरूपांच्या अनामिकेतील पवित्रक. हे पवित्रक आमच्या पणजोबांपासून चालत आलेले. वजन अदमासे अर्धा तोळा. पूजेच्या वेळी दर्भाऐवजी ते बोटात असे, एवढेच आमच्या घराचे वैभव.

१९७३ च्या माघात कृष्णाबाईचा उत्सव आला. संधिवाताने तीर्थरूपांची बोटे सुजली होती, म्हणून पूजेस आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, ते बसले. त्यांचे वय त्या वेळी एकवीस, आमचे चौदा. तीर्थरूपांनी पवित्रक आपल्या हाताने त्यांच्या बोटात घातले. पूजा आटोपल्यावर दादा अर्घ्य देण्यास घाटाच्या अखेरच्या पायऱ्यांवर उतरले, आणि ओंजळ सोडताना ते पवित्रक बोटातून निसटून पाण्यात गेले. दुष्काळाने शरीर वाळले होते. बोटास अंगठी कशी राहावी? दिवे लागेपर्यंत सर्वांनी पाणी चाचपले. काही मिळाले नाही.

तीर्थरूप एक शब्द बोलले नाहीत. पुढे आठ दिवसांनी दादांनी घरी दोन पायली ज्वारी आणली व पाचवडच्या एका मित्राने उसनी दिली म्हणून सांगितले. त्याही वेळी तीर्थरूप काही बोलले नाहीत. मात्र त्याच रात्री त्यांनी कपाटाच्या किल्ल्या आणि हिशेबाची वही दादांकडून घेऊन आमच्या हाती दिली. पुढे तीर्थरूप वारले, मातोश्रीही गेल्या, दादांची मुले कर्ती झाली. परंतु पवित्रकाचे नाव आमच्या घरात पुन्हा निघाले नाही. जे बोलले जात नाही ते मिटते असे नव्हे.

गेल्या हिवाळ्यात दादांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्याच्या दिवशी ते सहज बोलावे तसे म्हणाले, ‘आता स्पष्ट दिसते आहे. पाय चालतात तोवर एकदा ते घाटावरचे पवित्रक शोधावे म्हणतो.’ वहिनींच्या हातातला पेला तसाच राहिला. बावन्न वर्षांत त्या विषयावर त्यांनी उच्चारलेले हे पहिले वाक्य होते.

कालिदासाच्या शाकुंतलाचे पाठ आम्ही तीस वर्षे मुलांना दिले. शचीतीर्थाच्या पाण्यास वंदन करताना शकुंतलेची अंगठी गळून पडते; ती दाखविता येत नाही म्हणून राजा तिच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही; आणि पुढे ती अंगठी ज्या धीवरास माशाच्या पोटात सापडते, त्यासही रक्षक चोर समजून बांधून आणतात. अंगठी हरवली त्याने ती गमावली हा दोष, आणि सापडली त्याने ती चोरली हा दोष. हे सर्व आम्ही फळ्यासमोर उभे राहून रसाळपणे सांगत असू. घरातल्या घरात एक शकुंतला बसली आहे हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही.

दादांचे चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, पुण्यास इंजिनियर आहेत. त्यांनी वडिलांचे बोलणे मनावर घेतले आणि धातुशोधक यंत्र, ज्यास सर्वत्र मेटल डिटेक्टर म्हणतात, ते घेण्याचे ठरविले. यंत्र म्हटले की बाजारात जाऊन आणावे इतके ते सोपे नाही. महिनाभर रोज रात्री ते फोनवरून आम्हांस त्यातील मर्म समजावून सांगत, व आम्ही विद्यार्थ्याप्रमाणे वहीत टिपून घेत असू. ज्यांच्या घरातील एखादी वस्तू नदीत, तळ्यात अथवा विहिरीत पडली असेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या टिपणाचा सारांश येथे देतो.

या यंत्राच्या दांड्याच्या टोकास एक चकती असते व तीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून विजेचा आंदोलित प्रवाह सोडला म्हणजे भोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे सूक्ष्म विद्युत्प्रवाह उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. लोखंडाचा प्रतिसाद निराळा, तांब्याचा निराळा, सोन्याचा निराळा; तो प्रतिसाद किती मागे रेंगाळतो यावरून यंत्र धातूचा तर्क करते व एक आकडा दाखविते. येथे ‘तर्क’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

आता या यंत्रांच्या जाती दोन. एकीत अखंड आंदोलने जातात. दुसरीत थांबून थांबून स्पंदने सोडली जातात, तिला पल्स इंडक्शन म्हणतात. समुद्राचे खारे पाणी स्वतःच विजेचे वाहक असल्यामुळे पहिल्या जातीतील साधे, एकाच वारंवारतेचे यंत्र तेथे उगाच ओरडत सुटते. म्हणून समुद्रात स्पंदनाचे अथवा एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र नेतात. स्पंदनयंत्र खाऱ्या पाण्यास फसत नाही, पण त्याला लोखंडी खिळा आणि सोन्याची अंगठी यांतील भेद नीट कळत नाही. नदीच्या गोड्या पाण्यात ही अडचणच नाही. तेव्हा आमच्यासारख्याने समुद्राच्या यंत्रासाठी पैसा ओतण्याचे कारण नव्हते. ज्या घाटावर शतकानुशतके खिळे, कड्या व नाली पडल्या, तेथे लोखंड ओळखून वगळणारे यंत्रच हवे.

परंतु गोडे पाणी म्हणजे सर्व निर्वेध असे समजू नये. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टाचा. त्या दगडात लोहचुंबकाचे कण असतात आणि दगड झिजून झालेल्या वाळूत ते उतरतात. कृष्णेच्या वाळूतून साधा लोहचुंबक फिरवून पाहा. त्यास काळी दाढी फुटल्याप्रमाणे कण चिकटतील. यंत्र अशा वाळूलाच धातू समजते. म्हणून त्यास जमिनीशी जुळवून घेण्याची, म्हणजे त्या वाळूचा आवाज वजा करण्याची सोय असली पाहिजे. आणि ती आपोआप होणारी असो वा हाताने करावयाची असो, आपल्या नदीकाठी तिच्याविना चालणार नाही.

तिसरी गोष्ट पाण्यापासून संरक्षणाची. कित्येक स्वस्त यंत्रांत केवळ चकतीच पाण्यात बुडविण्याजोगी असते, वरची पेटी भिजली की कारभार आटोपला. घोटाभर पाण्यात तेवढे पुरते. पण शेवाळलेल्या पायरीवर म्हाताऱ्याचा पाय घसरणार नाही याची हमी कोणी द्यावी? म्हणून संपूर्ण यंत्रच जलाभेद्य असावे असे ठरले. अशांतही पायऱ्या आहेत. गॅरेट कंपनीचे एटी प्रो हे दहा फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर पाण्यापर्यंत चालते. मायनलॅबचे इक्विनॉक्स ९०० हे ५ मीटरपर्यंत. एक्सपीचे डेअस २ हे २० मीटरपर्यंत. आणि पाणबुड्यांसाठी केलेली मायनलॅब एक्सकॅलिबर २ व गॅरेट सी हंटर ही यंत्रे दोनशे फुटांपर्यंत. आम्हांस गुडघाभर पाण्यात उभे राहावयाचे. दोनशे फुटांची ऐट कशाला? ज्याला जेवढे पाणी, त्याने तेवढेच यंत्र घ्यावे. आणखी एक गोष्ट कानास लावावयाच्या ध्वनिसाधनाची. बिनतारी साधन पाण्याखाली निरुपयोगी ठरते, कारण त्याच्या लहरी पाण्यात बोटभर अंतरातच विरतात. डोके पाण्याबाहेर राहणार असेल तर साधे चालेल. बुडी मारावयाची असेल तर तारेचे व जलाभेद्यच घ्यावे.

चौथी गोष्ट चकतीच्या आकाराची. मोठी चकती खोल व रुंद पाहते, पण जेथे केरकचरा फार तेथे तिला दहा वस्तू एकदम दिसतात व काहीच उमगत नाही. दगडांच्या सांध्यांत शोधावयाचे असल्यास लहान, लांबट चकती बरी. काही चकत्या पाण्यावर तरंगू पाहतात; त्यांस थोडे वजन बांधावे लागते. यंत्राच्या जोडीस लांब दांड्याचे छिद्रांचे फावडे, एक चाळण, आणि फटीत घालून नेमकी जागा दाखविणारी वीतभर कांडी, हीही जलाभेद्य, एवढा सरंजाम लागतो.

पाचवी आणि मुख्य गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचा चुरगळा यांचे आकडे पुष्कळदा एकच येतात. कचरा नको म्हणून यंत्रास ‘कागद वगळ’ अशी आज्ञा दिली, तर त्या आज्ञेबरोबर सोनेही वगळले जाते. म्हणून ज्यास सोने हवे त्याने कागद उपसण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. हा नियम पुतण्यांनी सांगितला तेव्हा आम्ही तो वहीत तांबड्या शाईने लिहिला.

अखेर एका परिचिताने वापरलेले एटी प्रो मिळाले; त्याची वारंवारता १५ किलोहर्ट्झ, लहान सोन्याच्या वस्तूस बरी. किंमत ऐकून आमच्या कुटुंबाने ‘एवढ्या पैशांत नवे पवित्रक घडविता आले असते’ असे म्हटले. हिशेबाने ते अगदी खरे होते. दादा तेथेच बसले होते. त्यांनी नुसते वर्तमानपत्र उलटले.

साताऱ्याहून पाचवडमार्गे वाईस जाताना डाव्या हातास वैराटगड दिसू लागला की आमच्या मनास अजूनही सुटीचा पहिला दिवस आठवतो. या खेपेस पाचवड येताच दादांनी खिडकीबाहेर पाहिले व एका जुन्या वाटेकडे बोट केले. पण बोलले काहीच नाहीत. वाईत शिरल्यावर जुने वाडे पुष्कळसे गेलेले, नवी घरे उठलेली. तथापि नदीकाठ तोच. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, त्याच्या पाठीशी माशाच्या आकाराची केलेली निमुळती भिंत, शेजारी काशीविश्वेश्वर व त्यासमोरचा मोठा नंदी. ती मत्स्याकार भिंत पुराचा लोंढा दुभंगून दोहों बाजूंस सोडते, हे आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी जेथे अडते व ज्याच्या आडोशास ते मंदावते, तेथे जड वस्तू तळास बसतात. पुतणे म्हणाले, वाळूपेक्षा सोने सहा-सातपट जड; त्यामुळे पूर त्यास दूर नेत नाही, तर हलवून हलवून खालीच दडपतो. म्हणजे पवित्रक पडले तेथल्या आसपासच, पण खोल, असण्याचा संभव. आमची आशा वाढली.

पात्रात उतरण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या, त्या इतरांनीही कराव्या. वर धोमचे धरण आहे. त्यातून पाणी केव्हा सुटणार याची चौकशी केली. कोरड्या पात्रात उभ्या असलेल्या माणसास वरून येणारे पाणी निरोप धाडीत नाही. दुसरे, गावातील जबाबदार मंडळींस भेटून काय शोधतो व कोठे शोधतो ते सांगितले. संरक्षित वास्तूपाशी खणणे हा अपराध आहे, आणि घाटाचा एकही चिरा हलवावयाचा नाही असे आम्ही आपणहून कबूल केले.

पहिल्या सकाळी दादांनी जागा दाखविली. नावेचा दोर बांधण्याची एक दगडी कडी घाटात आहे. तिच्या समोरची, शेवटून तिसरी पायरी. बावन्न वर्षांनी त्यांना शोधावे लागले नाही. ते सरळ जाऊन तेथे उभे राहिले. पाणी गुडघ्याखाली. पुतण्यांनी चकती फिरविण्यास आरंभ केला आणि यंत्र जे बोलू लागले ते थांबेना. दोन प्रहरपर्यंत आमच्या चाळणीत खिळे, बाटल्यांची बुचे, कागदाचे चुरगळे, एक वाकलेले निरांजन, एक रुप्याचे जोडवे व देवांचे दोन टाक एवढी दौलत जमली. टाक कोणीतरी देवघर मोडताना शास्त्राप्रमाणे विसर्जन केलेले. ते हरवलेले नव्हेत, दिलेले होते. आम्ही ते पुन्हा नमस्कार करून खोल पाण्यात सोडले. जोडवे घाटावरील पुजाऱ्यांपाशी ठेवले, कोणी विचारीत आल्यास असावे म्हणून.

सायंकाळी एक तांब्याचे नाणे निघाले. ते ऐंशीच्या वरचा आकडा दाखवीत होते. घासता घासता एका बाजूस ‘छत्र’ ही अक्षरे दिसली. शिवराई! आमच्यातील शाळामास्तर जागा झाला आणि ते नाणे खिशात घालण्याचा मोह क्षणभर झाला, हे कबूल करतो. निधीविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. सापडलेल्या निधीचा सहावा हिस्सा शोधणाऱ्यास द्यावा असे कौटिल्य म्हणतो. मनूने तर विद्वान ब्राह्मणास सापडलेला निधी सबंध त्याचाच, अशी मोकळीक दिली आहे. परंतु मॅट्रिक झालेल्या मास्तराने आपणांस विद्वान ठरवून मनूचा आधार घ्यावा हे शोभत नाही, आणि राज्य आता मनूचे नाही. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा असा आहे की, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. मालक नाही असे ठरल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश मिळतो. न कळविल्यास हिस्सा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंस १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होतो. पडलेले व पुरलेले यांत वकील भेद करतील. आम्ही तसा वाद न घालता रीतसर पत्र लिहून नाणे सरकारजमा केले.

दुसऱ्या सकाळी घाटावर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आमच्याकडे टक लावून बसला होता. त्याच्या हातात दोरीस बांधलेला लोहचुंबक. भाविकांनी टाकलेली नाणी तो काढतो. हल्लीची रुपया-दोन रुपयांची नाणी पोलादाची असल्याने ती चुंबकास चिकटतात. तांब्याचा जुना पैसा मात्र त्यास चिकटत नाही, म्हणून तो पाण्यातच राहतो. त्याचे यंत्र आमच्या यंत्राच्या हजाराव्या हिश्शाच्या किमतीचे, आणि त्याचा दिवस आमच्यापेक्षा अधिक फायद्याचा जात होता. दादांनी त्यास आपली हकीकत सांगितली. तो म्हणाला, ‘आजोबा, त्या पायरीवर पडलेलं वर येत नाही. खाली फट आहे. तिथं पडलेले पैसे मी सोडूनच देतो.’

पुतण्यांनी एक युक्ती काढली. आमच्या कुटुंबाची सोन्याची अंगठी, आकाराने पवित्रकाजोगती, एका मजबूत दोऱ्यास बांधली व दादांनी ज्या ठिकाणी ओंजळ सोडली होती तेथे पाण्यात टाकली. ती पायरीवर पडली, मंद प्रवाहाने गडगडत कडेस गेली, आणि शेवटच्या चिऱ्याखालच्या फटीत दिसेनाशी झाली. दोरा वीतभर आत गेला. वरून चकती धरली. आकडा ५२ आला. दोरा ओढून अंगठी बाहेर काढली व कुटुंबाच्या हाती दिली. आता फटीत काही नाही असे समजून पुतण्यांनी चकती पुन्हा फिरविली.

यंत्र पुन्हा वाजले. आकडा ५२, क्वचित ५३. डावीकडून फिरविले, उजवीकडून फिरविले, आकडा ढळेना. कांडी आत घातली, पण फट पुढे वळते. ती पोहोचली नाही. हातही पोहोचला नाही. मुलाने आकडा वाकवून घातला, तोही दगडास अडला.

पुतण्यांनी कपाळावरचा घाम पुसला व म्हणाले, ‘बाबा, पहार लावून हा एक चिरा जरा उचलला तर?’ मग स्वतःच थांबून पुढे म्हणाले, ‘अर्थात, हे कागदाचे चुरगळे असू शकेल. चिरे सांधताना ओतलेले शिसे असेल. यंत्र एवढेच सांगते की ५२ आहे.’

दादांनी कानास लावण्याचे साधन मागून घेतले. पुतण्यांनी चकती फिरविली. दादा पुष्कळ वेळ ते ऐकत राहिले. मग साधन उतरवून त्यांनी पुतण्यांच्या हाती दिले व म्हणाले, ‘चिरा उचलायचा नाही. शब्द दिला आहे.’

आम्ही त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसास खोटे बोलणे कठीण जाते की काय न कळे. आम्ही म्हणालो, ‘दादा, मलाही संशय होता. ज्वारी आली तेव्हापासून. इतकी वर्षे.’

ते म्हणाले, ‘ठाऊक आहे. किल्ल्या तुझ्याकडे आल्या, त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिले नाहीस. तेव्हाच कळले.’

आम्हांस उत्तर सुचेना. थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाले, ‘ज्वारी कोठून आली, एवढे तरी विचारायचे होतेस. पाचवडच्या बाजूस दुष्काळी काम निघाले होते. तीन आठवडे तेथे मी खडी फोडली. मित्राने उसनी दिली, असे घरी सांगितले. वैदिकाचा मुलगा हातोडा घेऊन रस्त्यावर बसतो, हे ऐकून तीर्थरूपांना काय वाटले असते? मी पवित्रक विकले असे समजून ते गप्प राहिले. हे समजले असते तर ते जेवले नसते.’

त्या वर्षी दादांचे हात फुटलेले असत व ते आपल्या हातांस सदैव तेल चोळीत, हे आम्हांस त्या क्षणी आठवले. आम्ही ते पाहिले होते. पाहून कारण विचारले नव्हते. शाळेत मुलांना प्रश्न विचारण्यात आमची चाळीस वर्षे गेली. घरात एक प्रश्न विचारावयाचा राहिला.

यंत्राने निकाल दिला नाही, आणि तो ते देऊ शकतही नव्हते. चिऱ्याखाली पणजोबांचे पवित्रक आहे की कोण्या यात्रेकरूचा कागद, हे चिरा उचलल्याविना सांगता येणार नाही, व चिरा कोणी उचलणार नाही. पण आम्हांस त्या आकड्याची गरज उरली नव्हती. खरे म्हणजे ती १९७३ सालीही असावयास नको होती. तीर्थरूपांनी मागितले नव्हते आणि आम्हीही मागितले नव्हते असे प्रमाण दादांनी बावन्न वर्षे जवळ बाळगले, ते केवळ त्यांचा मान राहावा म्हणून.

निघण्यापूर्वी ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. त्या मुलास पुतण्यांनी आपल्याजवळचा एक चांगला, जोरकस चुंबक दिला. त्याचा आनंद पाहण्याजोगा होता. परतताना पाचवडपाशी दादांनी गाडी थांबविली, आम्हांस ती जुनी वाट दाखविली व खडीचे ढीग कोठवर होते ते सांगितले. आता तेथे डांबरी रस्ता आहे. आम्ही उतरून त्यावरून थोडे चाललो.

यंत्र सध्या आमच्या साताऱ्याच्या घरी असते. वैशाखात शेजारच्या सुनेचे पैंजण माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पडले, तेव्हा पुतण्यांनी ते पाव तासात काढून दिले. कारण ते उघड्या वाळूत होते, दगडाखाली नव्हते, आणि पडल्याबरोबर त्या मुलीने सासूस तसे सांगितले व सासूने ते तत्काळ खरे मानले. ज्यांना असा प्रसंग येईल त्यांनी दोन गोष्टी कराव्या. वस्तू कोठे पडली ती जागा काठावरच्या एखाद्या स्थिर खुणेशी जुळवून त्याच दिवशी लिहून ठेवावी. आणि ज्याच्या हातून ती पडली त्यास त्याच रात्री जवळ बसवून जेवू घालावे.

घरी आल्यावर आम्ही कपाटाच्या किल्ल्या दादांपुढे ठेवल्या. त्यांनी त्या हसून परत केल्या. हिशेब आता डोळ्यांस झेपत नाही म्हणाले. ज्येष्ठात तीर्थरूपांचे श्राद्ध झाले. सर्वांनी मिळून नवे पवित्रक घडवावे असा विचार निघाला होता, परंतु दादांनी दर्भाचेच वळून बोटात घातले, आणि दुसरे वळून आम्हांस दिले.